तल्खाबची विहीर

पडद्यावर घोडेस्वार विहिरीवर तुटून पडले आणि आमच्या पाठीमागं बसलेल्या इराणी माणसांनी टाळ्या पिटल्या.

एकादुसऱ्यानं नव्हे, सगळ्यांनी. म्हातारे उठून उभे राहिले. कुणीतरी टोपी वर भिरकावली आणि तिची सावली पडद्यावरच्या वाळवंटातून उडत गेली. सराईचा तो जुना तबेला, जिथं एके काळी काफिल्यांचे उंट बांधत असत, तो नुसता दणाणून गेला. आम्ही ड्रायव्हर लोक पुढं घोंगड्या टाकून बसलो होतो. काय झालं म्हणून आम्ही माना वळवून बघू लागलो. कारण घोडेस्वार हे सिनेमातले दुश्मन होते. रशियन भाषेचा एक शब्द न कळणाऱ्यालाही एवढं कळत होतं.

मशीन थांबलं. चित्र विझलं. बाहेर डायनामोची फटफट तेवढी चालू राहिली.

"कोण टाळ्या वाजवतंय?" अंधारात बाईचा आवाज आला. मोडक्यातोडक्या फारसीत.

माझ्या शेजारी बसलेल्या गुलाबनं ते मला सांगितलं आणि वर कुजबुजला, "केरबा, बाई तापली गड्या."

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीतली ही गोष्ट आहे. इराणच्या पूर्व अंगाला जाहेदानहून मशहदकडं जाणारा रस्ता होता. रस्ता कसला, वाळवंटातून आखलेली धुळीची पट्टी. त्या पट्टीवरून आम्ही हिंदी फौजेचे ड्रायव्हर ट्रक हाकायचो. टायर, पोलाद, बुटांच्या पेट्या, काय वाटेल ते भरून न्यायचं आणि वर रशियनांच्या ताब्यात द्यायचं. तिथून तो माल त्यांच्या आघाडीवर जायचा. मधल्या टप्प्यावर तल्खाब नावाचं ठिकाण होतं. नावाचा अर्थ कडू पाणी. एक पडकी सराई, तिच्या चौकात एक खोल विहीर, आणि जवळच मातीच्या घुमटांच्या घरांची वस्ती. नाव कडू असलं तरी सराईतल्या विहिरीचं पाणी गोड होतं. म्हणूनच आमच्या गाड्या तिथं थांबायच्या. उन्हानं उकळणाऱ्या रेडिएटरला पाणी पाजायचं आणि पुढं निघायचं.

माझी गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून साहेबानं मला त्या ठाण्यावर नाईक करून बसवलं होतं. हाताखाली थोडे शिपाई. त्यांत तासगावकडचा गुलाब मुलाणी माझा जिवाभावाचा. उर्दू त्याला घरातच मिळालेली. रस्त्यावर फिरता फिरता फारसीही उचलली होती. तो नसता तर मला त्या मुलखात मुक्याबहिऱ्यासारखं राहावं लागलं असतं.

सिनेमा घेऊन आलेली बाई रशियन फौजेची होती. क्लावदिया. सगळे तिला क्लावा म्हणत. पंचविशीची, केस कापलेले, अंगात खाकी डगला, मशीनच्या दिव्यानं बोटांची टोकं भाजून काळी पडलेली. मशहदहून परतणाऱ्या रिकाम्या गाड्यांबरोबर ती आपला ट्रक स्वतः हाकत आली होती. माल पोचवणाऱ्या हिंदी ड्रायव्हरांना सिनेमा दाखवावा, असं तिच्या वरिष्ठांनी ठरवलं होतं. वाळवंटातल्या लढाईचा एक जुना रशियन बोलपट, तोच तिच्याकडं होता. तबेल्याच्या भिंती हातभर जाड, वर घुमट, उजेड आत यायला वाव नाही. त्यामुळं दुपारीच खेळ लागला. वस्तीतले लोक दाराशी घुटमळत होते, त्यांनाही तिनंच आत बोलावलं.

एक रीळ संपलं की मशीन थांबायचं. दुसरं चढवता चढवता ती पुढची गोष्ट फारसीत सांगायची आणि गुलाब ती आम्हाला सांगायचा. गोष्ट सोपी होती. वाळवंटात तारेचं एक ठाणं आहे, तिथं एक विहीर आहे. मूठभर शिपाई ते ठाणं राखतात. तार तुटली तर दूरच्या शहराला खबर मिळणार नाही आणि शहर पडेल. लुटारू घोड्यांवरून येतात. शिपाई मरतात, पण विहीर सोडत नाहीत.

हे सगळं आम्हाला फार आवडलं होतं. आम्हीही शिपाईच. पडद्यावरचा एक दाढीवाला शिपाई रिकाम्या बाटलीचं बूच उघडून वास घ्यायचा आणि परत लावायचा, तेव्हा आमची सगळी पोरं खिदळली होती. आम्हीही तसं केलेलं होतं.

पण घोडेस्वार तुटून पडायच्या जरा आधी एक चित्र आलं होतं. लुटारूंचा म्हातारा म्होरक्या एकटाच, मोकळ्या हातांनी विहिरीकडं येतो. काहीतरी मागतो. ठाण्याचा अंमलदार मान हलवतो, नाही. म्हातारा मागं वळतो, आणि क्षणभर त्याच्या मागची टेकडी दिसते. टेकडीवर बायका उभ्या असतात. खांद्यावर रिकाम्या पखाली. बस्स, एवढंच. लगेच दुसरं चित्र येतं.

त्या एका क्षणी मागच्या माणसांत कुजबूज झाली होती. आणि मग घोडे धावले, तशा टाळ्या.

"ह्या लोकास्नी वाटतंय, घोडंवालं आपलंच पाणी मागाय आल्यात," गुलाब म्हणाला.

 मला कारण ठाऊक होतं. पंधरवड्यापूर्वीपर्यंत वस्तीला स्वतःचं पाणी होतं. डोंगरापासून जमिनीखालून खणत आणलेला बोगदा असतो, त्याला तिथं कनात म्हणतात. त्यातून पाणी वाहत वस्तीत येतं. आमचे भरलेले ट्रक त्या बोगद्यावरून रोज जायचे. एक दिवस तो मधेच खचला. मग वस्तीतल्या बायका सराईच्या विहिरीवर येऊ लागल्या. उन्हाळा वाढला, विहिरीचं पाणी खाली गेलं, आणि आदल्या दिवशी कॅप्टन साहेबांचा हुकूम आला. विहीर फक्त फौजेसाठी. वस्तीनं लांबच्या खाऱ्या विहिरीवर जावं. विहिरीभोवती दगडांची ओळ मांडा, ओळीच्या आत बाहेरचा माणूस येता कामा नये. दगड आम्हीच मांडले होते.

क्लावानं मशीन पुन्हा चालू केलं. शेवटच्या रिळात एक विमान आलं. घोडे उधळले, माणसं वाळूत पडली. शिपायांतला एकच वाचला होता, त्यानं बादली ओढून काढली आणि तो घटाघटा पाणी प्याला. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा दबकतच. मागं कुणी हललं नाही.

खेळ संपल्यावर बाकीचे बाहेर पडले, मी आणि गुलाब घोंगड्या गुंडाळत होतो, तेव्हा वस्तीचा पाटील मागं थांबला. मशदी रजब त्याचं नाव. उंच, वाळका, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यानं छातीवर हात ठेवून क्लावापुढं मान लववली.

"खानम, तुम्ही इतक्या लांबून आलात, आम्हाला तमाशा दाखवलात. खुदा तुमचं भलं करो. एक विचारू?"

"विचारा."

"ती विहीर कुणाची होती?"

"लोकांची," क्लावा म्हणाली.

"कुठल्या लोकांची?"

क्लावा मशीनवरचं रीळ उतरवायला लागली. रजबनं ते बघितलं. मग पुन्हा छातीवर हात ठेवला आणि निघून गेला.

ऊन उतरल्यावर मी आणि गुलाब तिच्या ट्रकपाशी चहा घेऊन गेलो. ती रिळं उलटी गुंडाळत बसली होती. चेहरा ताठ.

"त्यांना सिनेमा कळला नाही," ती म्हणाली. "लढाई लागल्यापासून हा सिनेमा मी दाखवते आहे. इस्पितळात दाखवला, बराकीत दाखवला, रेल्वेच्या यार्डात दाखवला. लोक रडतात. जखमी माणसं पलंगावर उठून बसतात. लुटारूंसाठी टाळ्या आजवर कुणी वाजवल्या नाहीत."

गुलाबनं मला सांगितलं आणि विचारलं, "काय बोलू?"

"काही बोलू नको. चहा दे."

तिनं चहा घेतला. हातातलं रीळ बाजूला ठेवलं. मग आपणहून बोलायला लागली.

"सरहद्दीपलीकडं आमचं अश्काबाद शहर आहे, त्याच्या बाहेरच काढला हा सिनेमा. मी शाळेत होते. शाळा बुडवून बघायला गेले होते. टेकडीवर त्या बायका उभ्या आहेत ना, त्या जवळच्या वस्तीतून आणल्या होत्या. सकाळपासून उभ्या केल्या. वारा सुटला, वाळू उडाली, म्हणून काम थांबलं. मग सूर्य भलत्या बाजूला गेला, म्हणून थांबलं. मला सिनेमावाल्यांनी सरबत दिलं. चांगलं आठवतं, काचेच्या पेल्यात, वर लिंबाची चकती." तिनं चहा खाली ठेवला. "त्या बायकांना काय दिलं? मघापासून आठवते आहे. आठवत नाही. मी त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं. सिनेमातही कधी बघितलं नाही. ते चित्र आलं की मी पुढच्या रिळाची तयारी करत असते."

गुलाब हे सगळं सावकाश मराठीत सांगत होता. त्याचं सांगून संपलं तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं.

"तुमच्या गावाकडं वाळवंट आहे का?"

"नाही. माळ आहे. दहिवडीच्या बाजूला, माणदेश म्हणतात. पाऊस कमी."

"विहिरी?"

"आहेत."

"मग पाण्यावरून भांडणं होत असतील."

"नाही," मी म्हणालो. "भांडणं नाही होत."

ते खरं होतं. भांडायला दोन बाजू लागतात. गुलाबनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मी म्हणालो तेवढंच तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रिकाम्या गाड्या दक्षिणेला निघून गेल्या. जाताना त्यांनी पाणी भरून घेतलं, त्यामुळं बादली तळाला लागून गाळ वर यायला लागला. दुपारपर्यंत खालून, जाहेदानकडून, भरलेल्या गाड्यांचा काफिला यायचा होता, कॅप्टन साहेब त्याच्याबरोबरच होते. तोवर विहिरीत पाणी झिरपून साठलं पाहिजे होतं. मी विहिरीवर मुत्तुस्वामी नावाचा शिपाई आणि त्याचा एक जोडीदार उभा केला. गुलाब नि मी चौकाच्या दाराशी होतो.

उन्हं तापायला लागली आणि वस्तीतल्या बायका आल्या.

आदल्या दिवशीही त्या आल्या होत्या आणि हुकूम ऐकून परत गेल्या होत्या. आज त्या परत गेल्या नाहीत. सरळ चौकात आल्या, दगडांच्या ओळीपर्यंत चालत गेल्या आणि तिथं थांबल्या. ओळीवर कुणी पाय टाकला नाही. कुणी ओरडलं नाही. पुरुष दाराबाहेर उभे राहिले, रजब त्यांच्या पुढं. बायकांत एक म्हातारी होती, रजबची थोरली बहीण. तिनं आपलं मातीचं मडकं ओळीच्या अलीकडं जमिनीवर ठेवलं आणि ती त्याच्याजवळ बसली. मग बाकीच्याही बसल्या. भांडी पुढं, हात मांडीवर, नजर विहिरीकडं नाही, समोरच्या मातीकडं.

मुत्तुस्वामी कोवळा होता, मदुरेकडचा. त्यानं घाबरून रायफल आडवी धरली.

"नाईकसाब, हुकूम?"

त्या बायकांनी शिव्या दिल्या असत्या, दगड मारले असते, तर बरं झालं असतं. रायफल रोखून उभं राहणं मला जमलं असतं. पण त्यांचं ते बसणं मला ठाऊक होतं. भांडं पुढं ठेवून, नजर खाली घालून, कुणाला दया येईल तेव्हा येईल असं बसणं. ते शिकवावं लागत नाही. अंगात मुरतं.

"रायफल खाली कर," मी मुत्तुस्वामीला म्हणालो.

गुलाब माझ्या जवळ आला. "केरबा, काय करतुयास?"

"दगड उचलतोय."

"शाना हैस का? सायबाचा हुकूम हाय. नाइकाची फीत जाईल. फीत ऱ्हाऊ दे, पलटणीतनं हाकलून देतील. मग गावाकडं जाऊन काय करणार हैस तू? परत त्येच?"

"त्येच दुसऱ्याला करायचं नाही म्हणून तर."

"म्हंजी?"

"आधी पाणी दे त्यास्नी. मग बोलू."

 गुलाब वाकला आणि त्यानं एक दगड उचलून भिंतीकडं फेकला. मी दुसरा उचलला. मुत्तुस्वामीनं रायफल भिंतीला टेकवली आणि तोही आला. वाट मोकळी झाली, तेव्हा मी गुलाबला म्हणालो, "पाटलाला सांग. एकेका घरानं एकेक भांडं भरायचं. पाणी थोडं आहे. गाड्याही यायच्यात, त्यांनाही लागणार. गाळ यायला लागला की थांबायचं, साठलं की परत काढायचं."

गुलाबनं सांगितलं. रजब आत आला नाही. दारातूनच त्यानं बायकांना दोन शब्द सांगितले. त्या उठल्या. धक्काबुक्की नाही, गडबड नाही. म्हातारी पहिली पुढं झाली.

तेवढ्यात क्लावा बादली घेऊन आली. तिला त्याच काफिल्याबरोबर परतायचं होतं, गाडीत पाणी घालायचं होतं. मुत्तुस्वामीनं सवयीनं बायकांना हातानं बाजूला सारलं आणि तिला वाट करून दिली, "मेमसाब, पहले आप."

तिनं त्या वाटेकडं बघितलं. बायकांकडं बघितलं. मग ती मागं गेली आणि रांगेच्या शेवटी, एका लेकुरवाळीच्या मागं, बादली पायाशी ठेवून उभी राहिली. बायका वळून वळून बघत होत्या. त्या लेकुरवाळीनं आपलं पोर तिच्या कडेवर दिलं आणि स्वतःचं डोईवरचं फडकं सारखं केलं.

निम्मी भांडी भरली असतील नसतील, तोच बाहेर घरघर झाली. काफिला वेळेच्या आधीच आला. गाड्यांच्या नाकांतून वाफा निघत होत्या. पुढच्या जीपमधून कॅप्टन साहेब उतरले. डोळे धुळीनं लाल झालेले. विहिरीवर बायका, दगड भिंतीशी पडलेले, रायफल भिंतीला टेकलेली. त्यांनी हे सगळं एका नजरेत पाहिलं.

"कुणाच्या हुकमानं?" त्यांचं हिंदुस्तानी चांगलं होतं.

"माझ्या, साहेब," मी सलाम ठोकून म्हणालो.

"तुझ्या?"

"होय साहेब. ह्यांची कनात आपल्या गाड्यांनी मोडली. ह्यांना पाणी नाही."

"इथून पुढच्या पाण्यापर्यंत किती पल्ला आहे, तुला ठाऊक आहे. हे ट्रक कोरडे पुढं जाणार नाहीत. इथं गाडी थांबली की तिकडं आघाडीवर माणूस मरतो. मी खोटं सांगत असेन तर हिला विचार." त्यांनी क्लावाकडं बोट दाखवलं. "मुलाणी, विचार तिला. तिला हे ट्रक आज हवेत की उद्या?"

सगळी तिच्याकडं बघू लागली. ते पोर अजून तिच्या कडेवर होतं. गुलाबनं फारसीत विचारलं. ती बोलली ते हळू, तुटक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. बायकांनाही.

"माझा एक भाऊ आघाडीवर आहे. आणखी एक होता." तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मला हे ट्रक काल हवे होते. पण ह्या रांगेत मी शेवटी आहे. माझ्या पुढच्यांचं भरल्याशिवाय मी भरणार नाही. आणि माझ्याआधी तुमच्या गाड्यांनी भरावं, असंही मला वाटत नाही."

गुलाबनं शब्दन् शब्द साहेबांना सांगितला. 

साहेबांनी टोपी काढली. कपाळ पुसलं. विहिरीपाशी गेले आणि आत डोकावले.  मग ड्रायव्हरांकडं वळून म्हणाले, "बॉनेट उघडून ठेवा. इंजिनं गार होऊ द्या. ऊन उतरल्यावर निघू." नंतर माझ्याकडं न बघता, "आणि तू. ती फीत उतरव."

मी तिथंच उभ्या उभ्या बाहीवरची फीत उसवायला लागलो. शिलाई पक्की होती, निघेना. गुलाबनं दाढीचं पातं आणून दिलं.

त्या फितीचं मला नंतर वाईट वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. वाटलं. लढाई संपेपर्यंत मी साधा ड्रायव्हरच राहिलो. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी सॅपर्स, म्हणजे फौजेतले खोदकाम-बांधकामाचे लोक, बोलावून कनात साफ करून घेतली, वरून लाकडी फळ्या घालून गाड्यांना वाट बांधली. पुढं त्या रस्त्यानं गेलो तेव्हा वस्तीतून पाणी वाहत होतं आणि विहिरीवर पहारा नव्हता. क्लावा त्याच संध्याकाळी काफिल्याबरोबर उत्तरेला गेली. जाताना माझा हात हातात घेऊन तिनं रशियनमध्ये काहीतरी म्हटलं. ते गुलाबलाही कळलं नाही. ती परत भेटली नाही. तिचा राहिलेला भाऊ घरी आला की नाही, कोण जाणे. पण हे सगळं पुढचं. मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं.

फीत निघाली. बाहीवर तिच्या आकाराचा गडद डाग राहिला. मी विहिरीच्या कडेला जाऊन बसलो. पाणी तळाला गेलं होतं, सगळे झिरपायची वाट बघत होते. ड्रायव्हर गाड्यांच्या सावलीत आडवे झाले होते. सकाळपासून मी पाणी प्यालो नव्हतो आणि माझी बाटली कुठंतरी राहिली होती. ओठ सुकले असावेत, कारण रजबची ती म्हातारी बहीण माझ्याकडं बघत होती. तिनं आपल्या मडक्यातलं पाणी एका निळ्या वाडग्यात ओतलं आणि ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

मी उठलो. चार पावलं मागं सरलो, खाली वाकलो आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरली.

हे मी ठरवून केलं नाही. हात आपोआप गेले. पलटणीत ज्याचा त्याचा मग असायचा, ज्याची त्याची बाटली. कितीतरी दिवसांत कुणी मला आपल्या हातानं पाणी दिलं नव्हतं. आणि त्याआधी जन्मभर दिलं होतं ते असंच. आमच्या गावात महारवाड्यातल्या माणसानं विहिरीला शिवायचं नसे. आई घागर घेऊन पायऱ्यांपासून लांब बसायची. नजर मातीकडं. कुणी वाढलं तर घागरीत वरून ओतायचं, विटाळ नको म्हणून धार तुटेल अशा बेतानं. तहान लागली तर वाकायचं, ओंजळ करायची, आणि वरून पडेल ते प्यायचं. भांडं ओठाला लावायचं नाही.

पाणी पडेना. मी वर बघितलं. म्हातारी वाडगा हातात धरून तशीच उभी होती, कपाळाला आठ्या घालून. ती काहीतरी म्हणाली. शेजारी बसलेला गुलाब हसायला लागला, आणि माझ्याकडं लक्ष जाताच त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

"काय म्हणते?" मी विचारलं. अजून वाकलेलाच होतो.

गुलाब उठून उभा राहिला. "म्हनती... वाडगा फुटका हाय का, म्हून हात पुढं करतुयास?"

मी सरळ झालो. म्हातारीनं माझी ओंजळ सोडवली, एका तळव्यावर वाडगा ठेवला आणि दुसरा हात त्याच्या कडेला नेऊन टेकवला. लहान पोराला शिकवावं तसं. वाडगा गार होता. मी तो ओठाला लावला. पाण्याला मातीचा वास होता.

निम्मं प्यालो आणि थांबलो, पुढं काय करायचं ते मला कळेना. तिनं वाडगा माझ्या हातातून काढून घेतला, उरलेलं पाणी तिथंच, त्याच कडेनं, स्वतः पिऊन टाकलं आणि रिकामी बादली विहिरीत सोडली.